शस्त्रक्रियेनंतरचे कर्तव्य



स्थूलता हे पाप नव्हे, व्याधी होय; तिची लाज नको. परंतु जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली म्हणजे सर्व झाले, असे पुरुषांनी मानू नये, असे आम्हांस वाटते. पापक्षमेनंतरही प्रायश्चित्त उरते. तद्वत् येथे व्यायाम उरतो. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हापासून थोडे थोडे चालावे. पौरुष दाखविण्यासाठी सोयाबीनचे पोते मात्र उचलू नये. ओझे बहुधा ४ ते ६ आठवडे वर्ज्य असते. पुढे आठवड्यास निदान १५० मिनिटे झपझप चालावे, व दोन दिवस स्नायूंस श्रम द्यावेत. बुलढाण्याचा राजूर घाट कोणी एका उडीत चढत नाही. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. त्याची निगा हीही उपासनाच होय.