दमेकरी विद्यार्थी आणि शाळा
(शिक्षक संमेलनातील भाषण)



वर्गातील एखादा मुलगा वारंवार गैरहजर राहतो, कवायतीच्या तासाला मागे राहतो, हजर असला तरी डुलक्या घेतो. अशा मुलास आळशी ठरविणे सोपे आहे. परंतु रात्रभर उशीला टेकून, बसून त्याने श्वास घेतला आहे, हे ज्या शिक्षकास ठाऊक असेल तो तसे म्हणणार नाही.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, भोवतालचे स्नायू आवळतात आणि कफामुळे वाट अधिकच अरुंद होते. हा रोग संसर्गजन्य नाही. तेव्हा मुलास वेगळे बसविण्याचे कारण नाही. सर्दी, धूळ, धूर, थंड हवा ही झटक्याची नेहमीची निमित्ते होत. म्हणून वर्ग मुले येण्यापूर्वी झाडावा, फळा ओल्या फडक्याने पुसावा आणि पोषण आहाराच्या चुलीचा धूर वर्गात येऊ देऊ नये.

औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक सूज कमी ठेवणारे, नेमाने घ्यावयाचे. दुसरे झटका येताच नलिका मोकळ्या करणारे, बहुधा निळ्या पंपातील. बरे वाटताच पहिले सोडून केवळ दुसऱ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पंपाचे व्यसन जडते, हा समज खरा नव्हे. श्वासावाटे औषध थेट फुप्फुसात पोहोचते, म्हणून गोळीपेक्षा फार थोडी मात्रा पुरते. पंपाला जोडावयाचा स्पेसर जवळ नसल्यास 500 मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीचा केलेला स्पेसरही उपयोगी पडतो, हे दक्षिण आफ्रिकेत केलेल्या व 1999 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे.

झटका आल्यास मुलास ताठ बसवावे, आडवे निजवू नये. भोवतालची गर्दी हटवून त्यास धीर द्यावा. निळ्या पंपाची एकेक मात्रा स्पेसरमधून चार श्वासांत द्यावी. अशा चार मात्रांनंतर चार मिनिटे थांबून, आराम नसल्यास पुन्हा चार द्याव्यात. तरीही उतार न पडल्यास 108 क्रमांकास दूरध्वनी करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मात्रा चालू ठेवाव्यात. मुलास एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते गळून गेले असेल, तर वाट न पाहता आरंभीच 108 ला कळवावे. धाप कायम असता घरघर थांबली, तर तो उतार समजू नये. हवा आत जाईनाशी झाल्याचे ते चिन्ह असू शकते.

पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर तो असून नसल्यासारखाच. तो मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षकांच्या हाताशी असावा. वर्षारंभीच्या पालक सभेत डॉक्टरांची लेखी सूचना मागून घ्यावी व तिची प्रत हजेरीपत्रकात ठेवावी. सहलीला आणि क्रीडांगणावरही पंप बरोबर असावा.

नेमाने औषध घेणारी बहुतेक मुले धावू शकतात, लेझीम खेळू शकतात. तीव्र दमा असलेल्या मुलाचेही, त्याला झेपेल तेवढ्या खेळात, स्थान राखून ठेवणे हे शाळेचे काम आहे.