काल, परवां आणि फसली सन



परभणीच्या बाजारांत घटकाभर उभें राहून लोकांचें बोलणें ऐकावें. मराठी माणूस 'काल' म्हणतो तो गेलेला दिवस आणि 'उद्यां' म्हणतो तो येणारा. शेजारचा दखनी बोलणारा दुकानदार मात्र दोहोंसाठीं 'कल' हा एकच शब्द वापरतो. आणि त्याचें 'परसों' दोन दिवसांपूर्वींचें असेल, नाहींतर दोन वर्षांपूर्वींचेंहि! पण त्याला हंसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. 'परवां आला' आणि 'परवां येईल' यांतील भेद आपल्यालाहि क्रियापदावरूनच कळतो.

स्पॅनिश भाषेंत तर 'मान्याना' हा शब्द सकाळ आणि उद्यां या दोन्ही अर्थांनीं चालतो; 'उद्यां सकाळीं' म्हणावयाचें तर तोच दोनदा उच्चारावा लागतो. अधिक मौजेची गोष्ट ही कीं, स्पेनमधील माणूसहि आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतो. आपण सोमवारीं कोणास 'आठ दिवसांनीं ये' म्हटलें, तर तो पुढच्या सोमवारींच येतो, मंगळवारीं नव्हे. निघाल्याचा दिवसहि मोजण्याची ही रीत दोन्हीकडे आहे.

शेतकऱ्याला अंकांची गरजच थोडी. 'दिवस कासराभर वर आला', 'मृगांत पेरलें', 'पोळ्याच्या आदल्या दिवशीं मुलगी झाली', एवढ्यानें त्याचें काम भागतें. घोटाळा होतो तो कागदावर.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची राजवट संपली. तोंवर या जिल्ह्याचा सरकारी कारभार फसली सनानें चाले. फसल म्हणजे पीक. तेव्हां हा मूळचा पिकापाण्याचा सन. महिन्यांचीं नांवें मात्र इराणी: आजर, दै, बहमन, इस्फंदार इत्यादि. शेवटच्या काळांत वर्ष १ आजरला, म्हणजे ६ ऑक्टोबरला, सुरू होई. 'फसलींत ५९० मिळवा कीं इसवी सन येतो', हा ठोकताळा तेव्हांपासून लोकांच्या तोंडीं आहे. तो खरा आहे, पण डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारी उजाडला कीं ५९१ मिळवावे लागतात.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा जन्म खुर्दाद १३५२ फसलीचा. खुर्दाद म्हणजे साधारण एप्रिल. म्हणजे सन १९४३. शाळेंत नांव घालतांना कोणीं तरी घाईनें ५९० मिळविले आणि १९४२ लिहिलें. मुलगा एका रात्रींत वर्षानें मोठा झाला! पुढें सरकारी नोकरी लागली, तेव्हांहि तोच दाखला चालला. अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त व्हावयाचें, म्हणून २००० सालीं त्यांना घरीं बसावें लागलें. धाकट्या मुलीचें शिक्षण त्या वेळीं अर्धवट होतें. जुना फसली उतारा त्यांच्या हातीं लागला तो पेन्शन सुरू झाल्यावर. तोंवर अर्जाची मुदत केव्हांच टळली होती.

आजहि कोणी जुना कागद घेऊन त्यांच्याकडे गेलें, तर ते चष्मा लावून आधीं महिना वाचतात, सन मागाहून.