चेंडू कुणाच्या हातात आहे?

(मिशनच्या वार्षिक मेळाव्यात आरोग्य विभागातील एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी मेळाव्यात हिशेब वाचला गेला, तेव्हा त्यात ‘फुटबॉल, कोन व हवेचा पंप’ अशी एक ओळ होती. पंगतीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला विचारलं, “सिस्टर, आम्ही दान देतो ते औषधांसाठी. हे चेंडू कशाला?” वाढप चालू होतं, नीट उत्तर देता आलं नाही. आज ते उत्तर द्यायला उभी आहे.

त्याआधी माझी एक चूक कबूल करते. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या वसतिगृहांतून एड्सवर व्याख्यानं देत फिरत होतो. हातात तक्ता, तक्त्यावर कवटी, आणि तोंडी एकच वाक्य : एड्स म्हणजे मरण. मुलं माना खाली घालून बसत, मुली ओढणीत तोंड लपवत. प्रश्न कुणीच विचारत नसे आणि आम्ही समजायचो, सगळ्यांना समजलं.

पुढच्या होळीला एका पाड्यावर गेले. गुजरातेत ऊसतोडीला गेलेला एक तरुण आजारी होऊन परतला होता. घरच्यांनी त्याची बाज गुरांच्या गोठ्यात टाकली होती, ताटली वेगळी, तांब्या वेगळा. त्याचा धाकटा भाऊ आमच्या व्याख्यानाला बसलेला मुलगा. मी त्याला रागावले, “अरे, भावाला असं कसं ठेवलंत?” तो म्हणाला, “सिस्टर, तुम्हीच तर ते चित्र दाखवलं होतं.”

तो तरुण पावसाळा पाहू शकला नाही. खांदा द्यायला चार माणसं जमवताना दुपार झाली. आमच्या तक्त्याने मुलांना भीती शिकवली होती. आजार कसा टळतो आणि आजाऱ्याशी कसं वागायचं, हे शिकवलंच नव्हतं.

आता फुटबॉलकडे येते. त्यासाठी आपल्याला आफ्रिकेत, झिंबाब्वेच्या बुलावायो शहरात जावं लागेल. तिथे हायलँडर्स नावाचा मोठा लोकप्रिय फुटबॉल संघ आहे. टॉमी क्लार्क हा तरुण त्या संघातून खेळला होता. त्याचे वडील बॉबी क्लार्क पूर्वी त्याच संघाचे प्रशिक्षक होते. टॉमीचे काही सोबती खेळाडू एड्सने गेले. पण आजाराचं नाव कुणी उच्चारत नव्हतं. त्या काळात झिंबाब्वेत साधारण दर चार प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण होती, तरीही सगळीकडे गप्पगप्प. पुढे टॉमी बालरोगतज्ज्ञ झाला. 2002 साली त्याने मेथेम्बे न्डलोवू, ईथन झोन आणि कर्क फ्रेडरिक या सोबत्यांबरोबर ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था सुरू केली. त्यांचा विचार साधा होता. पोरं डॉक्टरांचं ऐकोत न ऐकोत, आवडत्या खेळाडूचं नक्की ऐकतात. मग त्या खेळाडूलाच शिक्षक का करू नये?

त्यांचा एक खेळ मी सांगते, कारण सगळं मर्म त्यात आहे. मुलं खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहतात, हात पाठीमागे. पाठीमागूनच टेनिसचा एक चेंडू हातोहात फिरतो. समोरच्या संघाने चेहरे बघून ओळखायचं, चेंडू कुणाकडे आहे. कुणी हसतो, कुणी उगाच गंभीर होतो. अंदाज पुन्हा पुन्हा चुकतात. मग दादा सांगतो, “हा चेंडू म्हणजे एचआयव्ही समजा. चेहऱ्यावरून कळलं का कुणाला?” नाही. “मग खरं कसं कळेल?” रक्ताच्या तपासणीने. “आणि चेंडू हातात घेतला, एकमेकांना चिकटून उभे राहिलात, म्हणून लागण झाली का?” नाही.

दुसऱ्या खेळात मैदानात कोन मांडतात. एकेक कोन म्हणजे एकेक धोका : दारूच्या नशेत घेतलेला निर्णय, वयाने मोठ्या माणसाने दाखवलेलं आमिष, अनेकांशी संबंध, निरोधाशिवाय संबंध. चेंडू पायाने नेत कोनांमधून वाट काढायची. कोनाला धक्का लागला की पहिल्या फेरीत त्या मुलाने जोर काढायचे. दुसऱ्या फेरीत त्याच्या जोडीदारांनीही, आणि तिसऱ्या फेरीत सगळ्या संघाने. एकाच्या चुकीची किंमत घरादाराला कशी मोजावी लागते, हे दंड भरून आले की कुणाला समजवावं लागत नाही.

हे फक्त परदेशात जमतं असं नाही. आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. ते काम आज ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखलं जातं. ‘झुंड’ चित्रपट पाहिलेल्यांना ते ठाऊक आहेच. आणि हिस्लॉप हे नाव कुणाचं, ते आपल्या मंडळीला सांगायला नको.

तर गेल्या वर्षी आम्ही तीन वसतिगृहांत हे खेळ सुरू केले. शिकवणारे कोण? आपल्याच वसतिगृहातून बाहेर पडलेले दोन दादा आणि एक ताई. ते मुलांशी पावरी-भिलीत बोलतात. मी मैदानाच्या कडेला नुसती बसते. लहानांना हात धुणं, पाणी उकळणं, नको असलेल्या स्पर्शाला ‘नाही’ म्हणणं. मोठ्यांना एचआयव्ही.

एके दिवशी चेंडूचा खेळ संपला आणि आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “दादा, ज्याच्याकडे चेंडू निघाला त्याला आता खेळातून बाहेर काढायचं का?” दादाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तो म्हणाला, “का काढायचं? तो आपल्याच टीममध्ये आहे ना? त्याने गोळी वेळेवर घ्यायची आणि आपण पास द्यायचा.” मला तो गोठा आठवला. हे वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी मी बोलायला हवं होतं.

त्याच महिन्यात एक मुलगा खेळानंतर मागे रेंगाळला. वडील वीटभट्टीवर असतानाच गेले होते आणि आई सतत आजारी. आम्ही तिला सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात नेलं. तपासणी मोफत, नाव गुप्त. आज ती औषधं घेते आणि शेतात निंदणीला जाते. आपल्या देशात ही औषधं 2004 पासून सरकारकडून मोफत मिळतात. रोज न चुकता घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेवर औषधं घेतली तर बाळही बहुतेक वेळा वाचतं. कवटीच्या तक्त्यावर यातलं काहीच नव्हतं.

काहींना वाटेल, मंडळीच्या पैशाने मुलांपुढे निरोधाचं नाव घ्यावं का? मलाही हा प्रश्न पडला होता. लग्नाआधी संयम आणि लग्नात एकनिष्ठता आपण शिकवतो, शिकवत राहू. पण त्या बाईचा विचार करा. ती एकनिष्ठच होती. तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं की नवऱ्याची तपासणी करून घे, तू स्वतःला जपू शकतेस. तिचं न कळणं तिच्या पावित्र्याच्या कामी आलं नाही.

आपल्या प्रभूने कुष्ठरोग्याला बरं केलं, ते हात लावून. नुसत्या शब्दानेही तो बरा झाला असता. तो स्पर्श त्या माणसासाठी जितका होता, तितकाच बघणाऱ्यांसाठीही होता, असं मला वाटतं.

शेवटी तीन गोष्टी मागते. आपल्या तरुण संघातल्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा-ताई व्हायला पाठवा, प्रशिक्षण आम्ही देऊ. मुलींनी मैदानात उतरू नये असं म्हणणाऱ्या पालकांशी बोलायला पाळकसाहेबांनी आमच्याबरोबर यावं. आणि वसतिगृहाला भेट द्याल तेव्हा, “यातल्या कुणाला तो आजार आहे?” असं विचारू नका. ते आम्ही सांगणार नाही. कायद्यानेही सांगता येत नाही, आणि बघून तुम्हाला कळणार नाही.

चपला काढा, मैदानात या. चेंडू तुमच्याकडेही येईल.

प्रभू आपल्या या लेकरांना सांभाळो. आमेन.