कोठींतला कारकून

महिनाअखेरीस घाटकोपरच्या एखाद्या पतपेढींत दोन लाख खात्यांवर व्याज लावावयाचें आहे, असें समजा. पूर्वीं यासाठीं कारकुनांनीं खतावण्या उघडल्या असत्या. आतां खातीं डेटाबेसमध्यें असतात, आणि हिशेबाची रीतहि त्यांच्या शेजारींच लिहून ठेवितां येते. तिला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. माल बाहेर नेऊन मोजण्यापेक्षां मोजणारालाच कोठींत बसवावें, एवढाच त्यामागील विचार.

हा कारकून कोणती भाषा बोलतो? कोठीची भाषा एसक्यूएल. तींत काय हवें तेवढें सांगावयाचें. तें कसें आणावें हें डेटाबेस ठरवितो. परंतु किचकट सूत्रें सोडविणें, लांब मजकुरांतून नेमके तुकडे वेंचणें, अशा कामांत ती अडखळते. म्हणून ओरॅकलनें १९९९ च्या सुमारास जावा भाषेला, आणि मायक्रोसॉफ्टनें एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्यें सी-शार्प भाषेला कोठींत प्रवेश दिला. या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा. माहिती आणि तिच्यावरील क्रिया त्या एकत्र बांधितात. लिहिलेलें आधीं कंपाइल होत असल्यामुळें आंकड्याच्या जागीं अक्षर घालण्यासारख्या चुका दारांतच पकडल्या जातात, आणि आंकडेमोडहि जलद होते.

मग अडचण कोठें? हा कारकून हुशार खरा, पण तो पडद्याआड बसतो. त्याच्या मनांत काय चाललें आहे, हें डेटाबेसला दिसत नाहीं. प्रत्येक खात्यासाठीं त्यानें निराळा प्रश्न विचारला, तर कपाट दोन लाख वेळां उघडावें लागतें! कोणती यादी आधीं वाचावी, कोणती सूची वापरावी, हें डेटाबेसचें सारें चातुर्य एकगठ्ठा प्रश्नावरच चालतें.

या दुखण्याचा अभ्यास घाटकोपरपासून फार दूर नसलेल्या पवईच्या आयआयटींत झाला. तेथील प्राध्यापक एस. सुदर्शन आणि रवींद्र गुरवण्णवर यांनीं २००८ सालीं प्रोसीजरांतील एकेक मागणी गोळा करून ती एकदम विचारण्याची रीत मांडली. तेथेंच पीएच.डी. केलेले कार्तिक रामचंद्र यांनीं पुढें मायक्रोसॉफ्टमध्यें सहकाऱ्यांसह ‘फ्रॉइड’ ही पद्धति सिद्ध केली. ती फंक्शनचें पोट उघडून त्याचें मूळ प्रश्नांतच रूपांतर करिते. एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्यें ती आली. मात्र ही सोय एकच मूल्य देणाऱ्या टी-एसक्यूएल फंक्शनांपुरती, आणि त्यांतलींहि सर्व नव्हेत. सी-शार्पचा कारकून अद्याप पडद्याआडच आहे.

शिवाय तो कोठीच्या घरांतच राहतो, ही गोष्ट लहान नव्हे. सी-शार्पची सोय मुळांत बंदच ठेवलेली असते. चालकानें ती मुद्दाम उघडावी लागते. आरंभीं अशा कारकुनांच्या विश्वासाच्या तीन पायऱ्या होत्या. २०१७ च्या आवृत्तीपासून मात्र सर्वांत निरुपद्रवी म्हणून नोंदलेलाहि, नेहमींच्या मांडणींत, धोक्याचाच धरला जातो, आणि बहुधा ओळखीच्या सहीवांचून त्याला आंत घेत नाहींत. दोन लाख घरांची पुंजी ज्या कपाटांत आहे, तेथें ही सावधगिरी अति म्हणतां येत नाहीं.

आपल्या पतपेढीचें साधें व्याज एसक्यूएलच्या एका वाक्यांत लागतें; त्यासाठीं परका कारकून नको. मात्र अर्जांतले वेडेवांकडे पत्ते तपासून त्यांतून पिनकोड वेंचावयाचा असेल, तर त्याला खुशाल बसवावें. फक्त कपाट त्यानें एकदांच उघडावें.