सावळ्या पाठीवरची पहिली खूण



मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे: बेडसोअर.

त्याच्या पहिल्या पायरीची व्याख्या आपल्याला, परिचारिकांना, तोंडपाठ आहे. कातडी शाबूत, पण लाल. बोटाने दाबलं तरी लाली हटत नाही. ही व्याख्या गोऱ्या पाठीकडे बघून लिहिलेली. सुधागडातल्या कातकरी वाडीवर, किंवा जन्मभर भातशेतीत राबलेल्या माणसाच्या पाठीवर, ती लाली दिसेलच असं नाही. दाबल्यावरचा फरकही कळत नाही. मग केसपेपरवर 'लाली नाही' असं लिहिलं जातं, आणि काही दिवसांनी कातडी फाटते. युरोप-अमेरिकेत हा थोड्यांचा प्रश्न असेल. आपल्याकडे बहुतेक रुग्णांचा आहे. तरी पुस्तकातला गुलाबी फोटो डोक्यातून जात नाही.

2016 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने व्याख्या सुधारल्या, तेव्हा गडद कातडीवर खूण वेगळी दिसू शकते हे नोंदवलं. डोळ्यांना काही दिसण्याआधी तापमान, कडकपणा किंवा संवेदना बदलू शकते, हेही सांगितलं.

ते एका सुनेला पुस्तकाविना ठाऊक होतं. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले सासरे, कुडाच्या भिंती, आत जेमतेम उजेड. ती म्हणाली, "सिस्टर, हितं जरा तापल्यासारखं लागतंय." खाट दारापाशी ओढली, आजोबांना कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी रंगात डोळ्यात भरण्यासारखं काही नव्हतं. हाताची मागची बाजू लावली, तर तेवढाच भाग ऊन, आणि बाजूच्या मांसापेक्षा घट्ट. ओल्या फडक्याने पुसून उजेडात पाहिल्यावर कडेला जांभळट छटा दिसली. उन्हेरेच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी आपण पाण्याला हात लावतोच ना? पाठीलाही लावा.

शेजारच्या निरोगी कातडीशी ताडून बघा. जागा ऊन असेल किंवा उलट गार. घट्ट असेल किंवा लिबलिबीत. ट्यूबलाइटच्या निळसर उजेडावर विसंबू नका. बोलणाऱ्या रुग्णाला कुठे दुखतं ते विचारा. टाचा विसरू नका. चादरीखाली त्या सगळ्यांकडूनच राहतात. आणि हाडावर स्पिरिट लावून खसाखसा चोळणं आता बंद करा. दुखावलेली कातडी त्याने आणखी दुखावते.

1987 ची ब्रेडन श्रेणी जरूर भरा. ओलावा, हालचाल, आहार, घर्षण सगळं तिच्यात आहे; पण ती धोका कोणाला हे सांगते, जखम सुरू झाली का हे नाही. गडद कातडीपुढे यंत्रही चुकतं. कोविडच्या साथीत, 2020 मध्ये, मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधली प्राणवायूची छुपी घट गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तपासणीच्या तक्त्यात 'लाली' या रकान्याशेजारी ऊब, घट्टपणा, दुखणं आणि शेजारच्या कातडीपेक्षा वेगळा रंग असे चार रकाने हवेत, आणि ते प्रत्येक पाळीत भरले जावेत. नर्सिंग शाळांनी सावळ्या पाठींचे फोटो, रुग्णांची परवानगी घेऊन, स्वतः काढून लावावेत. सरावाचा पुतळाही गोराच असतो. तो बदलायला पैसे लागतील, तक्ता बदलायला लागत नाहीत. नव्या तक्त्याचा नमुना जेवणानंतरच्या सत्रात वाटणार आहोत. दुरुस्त्या पेनने करा आणि जाताना दाराशी द्या.