घरून काम आणि चुकीची कबुली



३१ जानेवारी २०१७. रात्र बरीच झाली होती. नेदरलँड्समधला एक इंजिनिअर अडलेला सर्व्हर मार्गी लावण्याच्या खटपटीत होता. कंपनी होती गिटलॅब. तिथले सगळे कर्मचारी आपापल्या देशातून, बहुतेक घरूनच काम करतात. पर्यायी सर्व्हरवरची माहिती पुसायची म्हणून त्याने कमांड दिली आणि ती नेमकी चालू सर्व्हरवर गेली. एक-दोन सेकंदांत त्याने ती थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

बॅकअपच्या पाच सोयी होत्या. ऐन वेळी एकही कामी आली नाही. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने चाचणीसाठी काढलेली एक प्रत होती, तिने तारलं. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच.

कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. दहा दिवसांनी सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला. त्यात इंजिनिअरचं नाव नाही. बॅकअप फसल्याचे ईमेल कुणाला पोचतच नव्हते आणि बॅकअपची जबाबदारी कुणा एकावर नव्हती, हे अहवालाने स्पष्ट लिहिलं.

ऑफिसात कुणी गडबडला, तर शेजारचा सहकारी उठून येतो. घरी बसलेला माणूस एकटाच असतो. बोलणी खावी लागतील या धास्तीने तो गप्प बसला, तर बिघाड वाढत जातो. अशा वेळी लिहिलेले नियम हाताशी लागतात. गिटलॅबने कामाचे नियम लिहून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यांची पानं दोन हजारांहून अधिक आहेत. बैठकीला हजर नसलेल्यालाही तिथं काय ठरलं ते वाचता येतं.

वेळेचे नियमही असेच उघड हवेत. पुण्यात दिवेलागण होते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ऑफिसं उघडायची असतात. घरून काम करणाऱ्याचा फोन रात्रीही वाजत राहतो. पोर्तुगालने २०२१ मध्ये कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्यांशी संपर्क न करण्याचं बंधन मालकांवर घातलं. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेबाहेरचा संपर्क नाकारण्याच्या हक्कासाठी खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

कायद्यासाठी थांबायची गरज नाही. टीम सांभाळणाऱ्यांनी या आठवड्यातच दोन गोष्टी लिहून सर्वांना पाठवाव्यात: रात्री कोणत्या कामासाठी फोन करायचा आणि चूक झाली तर पहिल्यांदा कुणाला सांगायचं.