फोनच्या किल्ल्या कोणाकोणाकडे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



सातवीनंतर माझी शाळा सुटली. तेव्हा विद्वत्तेचे चार शब्द माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. मोबाइलमधील परवानग्यांवर मीच बोलावे असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. त्याचे कारण तुमच्यापैकी अकराजणींना ठाऊक आहे. उरलेल्यांना आज मीच सांगते, म्हणजे कोणाला ते कुजबुजत सांगावे लागणार नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाला चार हजार रुपये कमी पडले. भिशीची पाळी लांब होती आणि घरात पुन्हा मागायला जीव धजेना. फोनवर कर्ज देणारे एक ॲप दिसले. कागद नको, जामीन नको, पाच मिनिटांत पैसे! उघडताच एकामागून एक प्रश्न आले. तुमचे संपर्क पाहू का? फोटो पाहू का? संदेश वाचू का? मी प्रत्येक वेळी 'अलाउ' दाबत गेले. हाती आले २,८०० रुपये, आणि आठवड्यात मागणी ४,००० ची! मला दोन दिवस उशीर झाला. तिसऱ्या दिवशी माझ्या फोटोसह निरोप गेले, की ही बाई चोर आहे. दिरांना गेले, मुलीच्या वर्गशिक्षिकेला गेले, आपल्या गुरुवारच्या बाजारातील भाजीवाल्याला गेले, आणि मंडळातील अकराजणींना गेले.

चार दिवस मी दार उघडले नाही. पाचव्या दिवशी समोरच्या काकूंनी कडी वाजवली. म्हणाल्या, "निरोप वाचला आणि पुसून टाकला. आता चहा टाक, मग आपण पोलिसांत जाऊ." आम्ही गेलो. तक्रार दिली. पण तोवर जे जायचे ते गेले होते. ॲप फोनमधून काढून टाकले, तरी त्याने आधीच उचलून नेलेली नावे परत येत नाहीत. ही गोष्ट मी फार उशिरा शिकले.

दुसरी गोष्ट अशी कळली, की कर्जाच्या ॲपने संपर्कयादी, फोटो वा कॉलची नोंद पाहू नये असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच केला आहे. ओळख पटवण्यापुरता एकदा कॅमेरा मागता येतो, तोही आपल्याला विचारून. म्हणजे जे ॲप संपर्क मागते, ते तेथेच ओळखावे. मी मात्र त्याला दार उघडून दिले होते.

भगिनींनो, घरी येणाऱ्या प्रत्येकाला आपण सारखे आत घेत नाही. पोस्टमन ओसरीवरून परततो. भांडी घासणाऱ्या मावशी मोरीपर्यंत येतात. कपाटाची किल्ली मात्र कोणालाच देत नाही. फोनचेही तसेच ठेवावे. हे ॲप कोणत्या कामाला आले आहे, आणि त्या कामाला ही वस्तू लागते का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. रिक्षा बोलवायच्या ॲपला आपला ठावठिकाणा लागतो, हे समजते. पण बॅटरी लावण्याच्या ॲपला आपल्या माहेरच्यांचे नंबर कशाला?

आता कृती सांगते. फोनची 'सेटिंग्ज' उघडा. त्यात 'प्रायव्हसी' किंवा 'गोपनीयता' असे असेल. त्यात 'परमिशन मॅनेजर' सापडेल. नाव फोनप्रमाणे थोडे बदलते. तेथे ठिकाण, कॅमेरा, माइक, संपर्क, संदेश असे एकेक खण आहेत. खण उघडला की कोणकोणत्या ॲपकडे ती किल्ली आहे ते दिसते. ठिकाणाला 'ॲप वापरत असतानाच' एवढीच मुभा ठेवा. एकदाच गरज असेल तर 'फक्त या वेळी' निवडा. बाकीच्यांना 'परवानगी देऊ नका'. संदेशांचा खण सर्वांत आधी पाहा, कारण बँकेचा ओटीपी तेथेच येतो. फोनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तर कॅमेरा वा माइक चालू आहे असे समजावे. व्हॉट्सॲपमध्येही आपला फोटो कोणी पाहावा आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घ्यावे, हे 'माझे संपर्क' असे करून ठेवता येते.

लग्नसराईत पत्रिका म्हणून एखादी 'एपीके' फाइल आली तर ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका. ती पत्रिका नसून एक ॲपच असते, आणि आत शिरून ते संदेश वाचू लागते.

आपली वस्ती लष्कराची. पुष्कळजणींची मुले वा भाऊ फौजेत आहेत. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्ट्राव्हा नावाचे एक ॲप माणूस कोठे धावला याची नोंद ठेवते. त्यांनी साऱ्या जगाच्या नोंदींचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला. २०१८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले, की त्यात परदेशांतील लष्करी तळांच्या वाटा उजळून दिसत आहेत. सैनिक तर नुसते व्यायामाला धावले होते! २०२० मध्ये आपल्या लष्करानेही जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, ती उगाच नव्हे.

"आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय?" असे कोणी म्हणते. मीही म्हणत असे. पण खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो हक्क गृहिणीलाही आहे.

पैशाची फसवणूक झाली तर लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

फराळानंतर मी कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसणार आहे. ज्यांना हवे त्यांनी फोन घेऊन यावे, आपण मिळून पाहू. आणि शेवटची एकच विनंती. उद्या एखाद्या बाईची बदनामी करणारा निरोप तुमच्या फोनवर आला, तर तो पुढे धाडू नका. तिच्या दाराची कडी वाजवा. माझी वाजली होती, म्हणून मी आज येथे उभी आहे.